अकरावा बिल्ला

पिट्लिकांच्या घरात भांडणं जेवणानंतर होतात. आधी केली तर रोलादा, म्हणजे मांसाच्या गुंडाळ्या, गार होतात, एवढी अक्कल त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणून चार डिसेंबरला, खाणकामगारांना सांभाळणाऱ्या संत बार्बराच्या सणाला, पहाटे बँड वसाहतीतून वाजत गेला, नऊला चर्चमध्ये प्रार्थना झाली, साडेबाराला सगळे टेबलाशी बसले, तोवर कोणी कोणाला वाकडा शब्द बोललं नव्हतं. आमची आग्निएश्का खाण बंद होऊन सात वर्षं झाली. पण बँड आहे, पितळी बटणांचे काळे गणवेश आहेत, टोप्यांवरचे तुरे आहेत. संत बार्बराला खाण बंद पडल्याचं अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

यंदाच्या सणाला आणखी एक निमित्त होतं. आज पिट्लिकांचा फुटबॉलपटू मुलगा टोबियाश सही करणार होता. अडीच वाजता आग्निएश्का फुटबॉल क्लबचे अध्यक्ष ब्रोनिश करारपत्र आणि फोटोवाला घेऊन येणार होते. दोन वर्षांचा करार, आठ नंबरची जर्सी, ट्रामच्या थांब्यांवर फोटो. संध्याकाळी जुन्या खाणकामगारांच्या बिअरच्या मेजवानीत, तीनशे लोकांसमोर, टोबियाश चामड्यावरून उडी मारणार होता. नवा गडी खाणीत आला की दोघे चामड्याचा पट्टा धरतात आणि तो त्यावरून उडी मारतो. उडी मारली की तो आमच्यातला. टोबियाशला मानद खाणकामगार करायचं, अशी ब्रोनिशांची कल्पना होती. करारातली एक गोष्ट मात्र कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याने मैदानात उतरायचं नव्हतं, नुसतं नाव द्यायचं होतं. मार्चमध्ये डेन्मार्कात त्याचा डावा गुडघा गेला होता, तेहतिसाव्या वर्षी गेलेला गुडघा परत येत नसतो, हे वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सकाळी टोबियाशची आई उर्शुला आणि तिची सून किंगा स्वयंपाकघरात उकडलेल्या बटाट्याचे गोळे वळत होत्या. प्रत्येक गोळ्याला अंगठ्याने खळगा पाडायचा, म्हणजे रस्सा त्यात थांबतो. किंगा समुद्राकडची, ग्दिनियाची. लग्नाला आठ वर्षं झाली तरी वसाहतीच्या लेखी ती बाहेरचीच, आणि तिचे खळगे जरा खोलच जात.

“रस्सा थांबायला आहे तो, पोरी,” उर्शुला म्हणाली. “विहीर नाही खणायची.”

किंगाने तो गोळा मोडून पुन्हा वळला. सासू आज खुशीत होती आणि खुशीत असली की ती मुलाची कारकीर्द सांगायला घेई. क्लबांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, बरण्या राहत. क्राकूफला असताना काकडीच्या लोणच्याच्या बारा बरण्या आगगाडीने जात. बेल्जियममध्ये लिएजला पाठवलेल्या बसमध्ये फुटल्या आणि ड्रायव्हरने महिनाभर फोन उचलला नाही. जर्मनीत बोखुमला काही पाठवावं लागलं नाही, तिथे आपलीच माणसं ढिगाने, लोणचंही त्यांचंच. देशाच्या संघातून सात सामने, त्यातले तीन बदली म्हणून, ते सगळे तिने डोळे मिटून पाहिले. शेवटी डेन्मार्क. तिथे बरणी पोचायला तीन आठवडे लागत आणि पोचली तेव्हा पोरगा इस्पितळात होता.

“आता बरण्या नकोत,” ती म्हणाली. “जिना चढून येईल आणि खाईल. नऊ महिने दर मंगळवारी मी त्या गुडघ्यासाठी नोवेनाची प्रार्थना म्हणतेय. देवाने गुडघा नाही दिला, पोरगा घरी दिला. मी तक्रार करत नाही.”

किंगा पिठाकडे बघत राहिली. तीन आठवड्यांपूर्वी ती टोबियाशबरोबर काटोवित्सेच्या डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, एका पायावर उड्या मारायला लावल्या, फोटो उजेडासमोर धरले आणि सांगितलं की गुडघा भरून आलाय, जानेवारीपासून खेळा. किंगाला रडू फुटलं. टोबियाश मात्र गाडीत गप्प होता. घराच्या दारात म्हणाला, “कोणाला सांगू नकोस.” तिला वाटलं, नाताळला सगळ्यांना चकित करणार असेल. चारच दिवसांनी सासरे गेरार्ड क्लबचा तो प्रस्ताव घेऊन आले, आणि न खेळण्याच्या करारावर तिचा नवरा पहिल्याच झटक्याला हो म्हणाला. तेव्हा तिला कळलं, त्याला मैदानात परतायचंच नाही. तिने शब्द दिला होता, म्हणून ती गप्प होती, आणि गप्प राहिल्याचा तिला स्वतःचाच राग येत होता.

जेवण नेहमीसारखं झालं. रोलादा, गोळे, निळी कोबी, आणि ‘घे की अजून एक’ यावरची कुस्ती. गेरार्डने बापाला दोनदा वाढलं आणि मुलाला तीनदा. तो निवृत्त झालेला खाणीचा वायरमन, तरुणपणी आग्निएश्काच्या दुसऱ्या संघात बचावाला खेळायचा. लोक त्याला लाकूडतोड्या म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे. त्याला स्वतःला फुटबॉलने काही दिलं नव्हतं. बाप नावाजलेला, मुलगा नावाजलेला, आणि मधे आपण म्हणजे दोन स्टेशनांमधला रूळ, असं तो हसत सांगे. पण हा करार त्याने आणला होता. ब्रोनिशांच्या दारात तो तीनदा गेला होता, एकदा तर पावसात. आज प्रार्थनेनंतर लोक त्याच्याशी हात मिळवत होते आणि साठी उलटल्यावर पहिल्यांदा तो स्वतःच्या कर्तबगारीसाठी हात मिळवत होता.

टेबलाच्या एका टोकाला म्हातारे एवाल्ड होते, घरातले ओपा म्हणजे आजोबा, साध्या तपकिरी कोटात. कागदोपत्री ते खाणकामगार, पेन्शन खाणीचं, तुऱ्याच्या टोपीवर पूर्ण हक्क. पण या सणाला त्यांनी ती कधी घातली नाही. लोक म्हणत, किती निगर्वी माणूस. दुसऱ्या टोकाला त्यांचा धाकटा भाऊ तेओफिल, पूर्ण गणवेशात, डावा पाय टेबलाखाली सरळ ताठ, काठी खुर्चीला टेकवलेली. तो पाय वाकून चोपन्न वर्षं झाली होती. दोघे एकाच घरात राहत, एक वर, एक खाली, आणि एकमेकांशी मीठ मागण्यापुरतं बोलत.

तेओफिलने काटा खाली ठेवला. “मग, किती वाजता येतोय तो कागदवाला?”

“अडीचला,” गेरार्ड म्हणाला.

“सही काय करायची ती करा. पण चामड्यावरून उडी नाही. त्यासाठी आधी खाली उतरावं लागतं.”

गेरार्डने समजावलं की ती नुसती मानाची उडी आहे, खाण तर आता पाण्याखाली गेलीय, उतरणार कुठे. तेओफिलने ऐकून घेतलं.

“मानाचा खाणकामगार या घरात एक होऊन गेला,” तो म्हणाला. “तेवढा पुरे.”

ओपांनी मान खाली घातली. यात गुपित काही नव्हतं. त्या काळी खाणीच्या क्लबचे खेळाडू खाणीच्या पटावर असत. पगार खाणीचा, कोळसा खाणीचा, पेन्शन खाणीचं, आणि पाय कायम गवतावर. त्याची कोणाला लाज नव्हती, वसाहतीत अजून लोक ते मिटक्या मारत सांगतात. पण तेओफिलच्या तोंडून ते वेगळं ऐकू आलं, आणि गेरार्डच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने काकाला सुनावलं की पन्नास वर्षं तुम्ही हाच विषारी घोट गिळताय, लोक माझ्या बापासाठी टाळ्या वाजवायचे आणि तुम्ही काळं तोंड घेऊन वर यायचात, म्हणून तुम्ही एकोणसत्तरपासून मैदानात पाऊल टाकलं नाही, आता नातवाचंही तुम्हाला बघवत नाही. उर्शुलाने नवऱ्याच्या बाहीला हात लावला. तेओफिलने काठी उचलली, जायला निघाल्यासारखी, आणि मग पुन्हा टेकवून ठेवली.

“बाबा, तुम्ही सांगा त्यांना,” गेरार्ड ओपांकडे वळला. गेल्याच आठवड्यात ओपांनी कराराला मान डोलावली होती. आज ते आपल्या बाजूने उभे राहतील याबद्दल त्याला शंका नव्हती.

ओपा टोबियाशकडे बघत होते. पोराने शेवटच्या गोळ्याचे चार तुकडे केले होते, मग आठ, आणि खाल्ला एकही नव्हता. ओपा स्वतः मधल्या फळीत खेळलेले. मधल्या फळीतला माणूस काय करतो यापेक्षा कुठे बघतो हे त्यांना आधी दिसे. काका बोलत होते तेव्हा पोरगा काकांकडे बघत नव्हता, बापाकडेही नाही. तो बायकोकडे बघत होता, आणि बायको त्याच्याकडे बघायला तयार नव्हती. या घरात कोणीतरी काहीतरी लपवतंय, हे ओपांनी ओळखलं. ओळखणारच. त्या धंद्यात त्यांची हयात गेली होती.

“तेओफिलने विष नाही गिळलं,” ते म्हणाले. “त्याने माझं गुपित गिळलंय.”

“एवाल्ड, राहू दे,” तेओफिल म्हणाला.

“चोपन्न वर्षं राहूच दिलं.”

मग त्यांनी सांगितलं, हळूहळू, मधे पाणी पीत. खाणीत उतरताना प्रत्येकाचा नंबर घातलेला पितळी बिल्ला फळीवर लागतो आणि वर आलं की निघतो. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे. ओपांचा बिल्ला कारकून रोज फळीवर लावायचा आणि रोज काढायचा, म्हणजे हजेरी जुळे. एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात प्रशिक्षकाने ओपांना संघातून वगळलं. ओपा रात्री जेवताना तणतणले की गेला तुमचा फुटबॉल खड्ड्यात, उद्यापासून मी खरंच खाली उतरतो, तेओफिलच्या शेजारी उभा राहून फावडं मारतो. सगळ्यांनी ऐकलं. सकाळी ते डबा घेऊन निघाले, तेही सगळ्यांनी पाहिलं. कोपऱ्यावर प्रशिक्षकाची गाडी उभी होती. एकाचा पाय मुरगळला होता, पोझनानला सामना होता. ओपा गाडीत बसले. फावड्याचा बेत तिथेच संपला.

दुपारी खाली दगड फुटला. त्या भागातली दहा माणसं बाहेर आली. फळीवर बिल्ले अकरा होते.

“दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, एवाल्डचा बिल्ला ना, सोडा, तो काय खाली येतोय,” ओपा म्हणाले. “पण याने मला रात्री ऐकलं होतं. डबा नेताना पाहिलं होतं. हा बचाव पथकात होता, पंचवीस वर्षांचा. मला शोधायला आत गेला. सात तास. ज्यांनी नंतर याला बाहेर ओढलं ते सांगत होते, पायावर शिळा पडली होती तरी हा माझ्या नावाने हाका मारत होता. आणि आम्ही तिकडे दोन-एकने जिंकलो. एक गोल माझा.”

गेरार्डचं तोंड उघडं राहिलं होतं. तो त्या वेळी सात वर्षांचा होता, त्याला काका खाटेवर आठवत होते आणि आई रडताना आठवत होती. कारण कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“बिल्ल्याचं कळलं असतं तर कारकून गेला असता, प्रशिक्षक गेला असता, मी तर गेलोच असतो,” ओपा म्हणाले. “याने साहेबांना सांगितलं की मी विसरलेली कुऱ्हाड आणायला परत गेलो होतो. माझ्यासाठी हा जगात मूर्ख ठरला. मी पुढे पाच वर्षं खेळलो. लोकांनी खांद्यावर घेतलं. याच्याकडे बघायची मला लाज वाटे, म्हणून मी बोलणं कमी केलं, आणि लोकांना वाटलं हाच फुगून बसलाय.”

तेओफिल टेबलक्लॉथवरचा रश्श्याचा डाग बोटाने पुसत होता. “मला वाटलं, तू गोलाचा माज दाखवतोयस,” तो म्हणाला.

“नाही रे.”

“मग बोलायचंस की.”

एवढंच दोघांत झालं. पण चोपन्न वर्षांत मिठाशिवाय झालेलं ते पहिलं बोलणं होतं. उर्शुला पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावून बसली.

ओपा नातवाकडे वळले. “टोबियाश, तुझे सामने मी सगळे पाहिलेत. सोळा वर्षांत तू गोल किती केलेस, एकोणीस. त्यासाठी तुला कोणी ठेवलं नव्हतं. दुसऱ्याने सोडलेली जागा भरायला ठेवलं होतं. कोणी पुढे धावला की तू त्याच्या जागी. तुझा कागद संघात असेल आणि तू नसशील, तर तुझी जागा कोण भरेल, सांग. कोणीतरी भरतोच. त्याला माहीतही नसतं की तो कोणासाठी पळतोय. गुडघा नाही तर नाही, बाळा. घरी बस. मुलांना शिकव. पण फळीवर खोटा बिल्ला लावू नकोस.”

ओपांनी दिलेली सुटका टोबियाशला दिसत होती. गुडघा नाही, सही नाही, सगळे हळहळतील आणि प्रकरण मिटेल. मान डोलावली की झालं. पण समोर तेओफिलकाकांचा तो सरळ पाय होता, आणि टेबलाखाली त्याचा स्वतःचा डावा गुडघा व्यवस्थित वाकलेला होता. त्याला एकदम स्वतःची किळस आली.

“माझा गुडघा बरा आहे,” तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. किंगानेही, आज पहिल्यांदा.

“तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, जानेवारीपासून खेळा. गुडघा तयार आहे. मी नाही.”

बोलायला लागल्यावर थांबता येईना. बागांच्या मागच्या मैदानावर तो एकटा जात होता. पळून बघितलं, लांबून फटके मारून बघितले, सगळं जुळून येत होतं. एके दिवशी तिथे खेळणाऱ्या काही माणसांनी त्याला बोलावलं. चाळिशीचा, पोट सुटलेला एक बेकरीवाला त्याच्या पायातला चेंडू काढायला आला. टोबियाशची पाचावर धारण बसली. त्याने चेंडू सोडला आणि बाजूला उडी मारली. त्या माणसालाच शरमल्यासारखं झालं. तो म्हणाला, माफ करा हं, जोरात आलो का मी. घरी आल्यावर बाबांनी प्रस्ताव सांगितला आणि टोबियाशला वाटलं, देव पावला. जर्सी मिळेल, नाव राहील, आणि कोणी अंगावर येणार नाही.

“तीन आठवडे?” उर्शुलाचा आवाज चढला. “गेल्या मंगळवारी थंडी वाजून येत होती तरी मी चर्चमध्ये गुडघे टेकून नोवेना म्हणत होते.”

“मग लागू पडली की,” तेओफिल म्हणाला.

किंगाला हसू आलं आणि ते तिला आवरेना. उर्शुलाने आधी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग ‘तुला माहीत होतं तर’ असं पाहिलं, आणि शेवटी तिचा हात धरून ठेवला. हसला नाही तो गेरार्ड. तो उठला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. पावसात ब्रोनिशांच्या दारात उभा राहिलेला माणूस तसाच उभा असेल.

बरोब्बर अडीचला अध्यक्ष आले, मागे फोटोवाला, हातात उर्शुलासाठी फुलं. त्यांना बसवलं, कॉफी दिली, खसखशीचा गोड पाव, कोलाच, दिला. टोबियाशने सरळ सांगितलं की ही सही तो करणार नाही. आठ जानेवारीला सराव सुरू होतो, तेव्हा तो बाकीच्यांसारखा चाचणीला येईल. प्रशिक्षकाला पटला तर ठेवावं. चामड्यावरची उडीही नको.

ब्रोनिश वाईट माणूस नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला. “खरं सांगू का? प्रशिक्षकाकडे मधल्या फळीत चौघे आहेत, सगळे पंचविशीच्या आतले. त्याने तुम्हाला मागितलेलं नाही. मला तुमचं नाव हवं होतं.”

“नाव देत नाही,” टोबियाश म्हणाला. “पाय घेऊन येतो.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर नाही घेतलं.”

त्याचा आवाज कापला. किंगाला तो कापलेला आवाज फार आवडला, कारण नऊ महिन्यांत पहिल्यांदा तो कशासाठी तरी घाबरला होता, कशापासून तरी लांब पळण्यासाठी नव्हे. पण जानेवारीनंतर आपण कुठे असू, हे आता तिलाही ठाऊक नव्हतं.

अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. संध्याकाळी तीनशे लोक येणार, त्यांना काय सांगू?

“त्यांना बिअर द्या,” तेओफिल म्हणाला. “कोणी विचारायचं नाही.”

फोटोवाल्याने कोलाचाचे दोन तुकडे खाल्ले, अध्यक्षांनी तीन. जाताना दारात ब्रोनिश थांबले आणि टोबियाशला म्हणाले, “आठ तारखेला, नऊ वाजता. बूट स्वतःचे आणायचे. क्लब देत नाही.”

जिन्यावरचे पाय वाजेनासे झाले तसा गेरार्ड खिडकीतून वळला. त्याचे डोळे लाल होते. त्याने गणवेशाचा कोट काढला आणि किंगाच्या हातात दिला.

“बूट घाल,” तो मुलाला म्हणाला. “चल खाली.”

अंगणात विटांच्या भिंतींमधे थोडा उजेड उरला होता आणि जमीन गोठून कडक झाली होती. तळघरातून गेरार्डने चेंडू आणला. दोघे म्हातारे बाकावर बसले, एकाच बाकावर, आणि वसाहतीतल्या अर्ध्या खिडक्या उघडल्या. आमच्याकडे खिडक्या उघडायला बँडच लागतो असं नाही.

गेरार्ड धावत आला. टोबियाशने चेंडू ढकलून दिला आणि बाजूला झाला. पुन्हा आला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी टोबियाशने चेंडू पायाखाली धरून ठेवला, दात आवळून, पण बापाचा पाय शेवटच्या क्षणी मंदावला आणि चेंडूला नुसता शिवला.

“लाकूडतोड्या म्हणायचे ना रे तुला?” तेओफिल बाकावरून म्हणाला. “का उगाच?”

“मार्चमध्ये मी टीव्हीवर बघितलंय तो गुडघा कसा वळला ते,” गेरार्ड म्हणाला. “माझ्याच्याने होत नाही.”

टोबियाश बापाकडे बघत राहिला. इतके महिने त्याला वाटत होतं की या घरात भित्रा एकच आहे.

“बाबा,” तो म्हणाला, “जानेवारीत ते पंचविशीचे चौघे असे नाही येणार. खरं या.”

गेरार्डने नाक पुसलं आणि तो आला. साठी उलटलेला देह जमिनीला लागून घसरत आला, चेंडू आणि पाय एकदम, आणि दोघे विटांच्या भिंतीपर्यंत गेले. उर्शुलाने खिडकीत क्रूसाची खूण केली. ओपा बाकावरून अर्धे उठले होते, तेओफिलने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

टोबियाश पालथा पडला होता. कोपर सोलवटलं होतं, कमरेत कळ होती. तो गुडघ्याकडे कान देऊन पडून राहिला. गुडघा काहीच म्हणत नव्हता. चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधे होता.

“लागलं?” गेरार्डने विचारलं. त्याची विजार मांडीपर्यंत फाटली होती आणि त्याला उठता येत नव्हतं.

टोबियाश उठला. त्याने बापाला हात देऊन उभं केलं, अंगावरची माती झटकली. ओपांनी बाकावर बसून एक गोष्ट केव्हाच पाहिली होती आणि ते बोलले नव्हते. चारही वेळा पोरगा उजवी बाजू पुढे करून उभा राहिला होता. टोबियाशने चेंडू पुन्हा पायाखाली घेतला, थोडा थांबला, मग जागच्या जागी वळला आणि डावा गुडघा बापाकडे केला.

“आता या बाजूने या,” तो म्हणाला.

गेरार्ड फाटक्या विजारीनिशी मोजून दहा पावलं मागे गेला.